दुसरी बादली

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. समईच्या ज्योतीवर हात धरून सांगते. एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून चहा सोडीन, आणि चहाशिवाय मी कशी होते ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. हो, एरवी मी थापा मारते. ही शेजारी बसलेली माझी नात, मुक्ता, ती तर मला तोंडावर थापाडी म्हणते. पण ही थाप नाही. मी तिथं होते.

पितृपंधरवड्यातली गोष्ट. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात टेम्पो थांबला. टेम्पोत तीन मोठ्या फळ्या, फळ्यांवर डोंगर, बाभळी, रूळ, एक स्टेशन, आणि हे सगळं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसलेल्या आम्ही दोघी. मी आणि केतकी. केतकीच्या पायाशी तिची बॅग.

"सावकाश, मास्तरीणबाई," खालून आवटी म्हणाले. "आधी डोंगर उतरवू, मग तुम्हाला."

"डोंगर थर्माकोलचा आहे, त्याला घाई नाही. मला आधी उतरवा. गुडघे आखडलेत."

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतली नव्हे, स्टेशनातली. आमचे हे छोट्या गाडीच्या लाइनीवर स्टेशन मास्तर होते. शिराळवाडी नावाचं स्टेशन, माळावर, गावापासून चांगलं लांब. तिथं बिऱ्हाड आमचं एकच. आता ती छोटी गाडी नाही, शिराळवाडीचं स्टेशन नाही, आणि आमचे हेही नाहीत. उरलं होतं ते या तीन फळ्यांवर. माझ्या मुलानं, श्रीरंगनं, आपलं लहानपणीचं स्टेशन आठवून आठवून केलेलं. गाडी माझ्या हाताएवढी, माणसं गव्हाच्या दाण्याएवढी. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की मधल्या खोलीत त्याचं हेच.

आवटी बँकेतून रिटायर झालेले. मिरज-सांगलीतल्या अशा नादिष्ट लोकांचा त्यांनी एक क्लब काढला होता. 'खेळण्यातली गाडी' म्हटलं की त्यांना राग यायचा, मॉडेल म्हणायचं. पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, कार्यालयं ओस पडलेली असतात, म्हणून त्यांनी तिथं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन मांडलं होतं. मधल्या हॉलमध्ये चांगल्या चालणाऱ्या गाड्या. आमच्या फळ्या मोठ्या, त्या हॉलमध्ये मावेनात. म्हणून त्या बाजूच्या खोलीत नेल्या. दारावर पाटी होती, 'वरपक्ष'. समोरच्या खोलीवर 'वधूपक्ष'. तिथं आमचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि केतकीची बॅग ठेवली.

केतकीनं दोन्ही पाट्या वाचल्या. मीही वाचल्या.

केतकी श्रीरंगची बायको. म्हणजे होती. श्रीरंग कॅनडाला गेला तेव्हा म्हणाला होता, घर बघतो आणि हिला बोलावतो. मग घर मिळेना, मग फोन येईना, मग त्याच्याऐवजी वकिलाचा फोन यायला लागला. गेल्या महिन्यात कोर्टाचा निकाल झाला होता. तेवढी सगळी वर्षं केतकी माझ्याकडेच होती. शाळेत चित्रकला शिकवायची, येताना भाजी आणायची, माझ्या डोळ्यांत थेंब घालायची. आणि निकाल झाल्यावर एकदा तांदूळ निवडता निवडता खाली मान घालूनच म्हणाली, "आता मी इथं कुठल्या नात्यानं राहू?"

मला उत्तर सुचलं नाही. मला. जिला कावळ्यानं विचारलं तरी उत्तर सुचतं.

तर त्या संध्याकाळी ती नाशिकला निघाली होती. बहिणीकडे. "आधी महिनाभर, मग बघू," म्हणाली होती. 'मग बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं. फळ्या क्लबला देऊन टाका असं श्रीरंगनं फोनवर सांगितलं होतं. तेव्हा सकाळी फळ्या जाणार, संध्याकाळी ती जाणार, आणि मधली खोली एकदम झाडून मोकळी.

मला ती जायला नको होती. पण थांब म्हणायला तोंड लागतं, आणि माझं तोंड त्या पोराच्या आईचं होतं.

घरात आम्ही भांडतही नव्हतो हो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. दोघी इतक्या जपून वागायचो की संध्याकाळपर्यंत अंग आंबून जायचं. तू घे, नाही तुम्ही घ्या. दूध तुम्हाला ठेवलंय, नको तुला होऊ दे. आणि निकाल झाल्यापासून तिनं मला हाकच मारली नव्हती. पूर्वी आई म्हणायची. आता नुसतं, "चहा ठेवलाय." "थेंब घालायचेत." मी असायचे की भिंत असायची, वाक्य तेच.

बरं, फळ्या जोडल्या, वायरी जोडल्या. आवटींनी बटण दाबलं. काळं इंजिन, मागं चार डबे, अशी गाडी बोगद्यातून बाहेर आली, बाभळींना वळसा घातला, शिराळवाडीच्या फलाटाला लागली आणि थांबली. ती थांबलीच.

"होतं असं," आवटी म्हणाले.

त्यांनी ती उचलून पुन्हा बोगद्यात ठेवली. पुन्हा आली, पुन्हा फलाटाला लागून गप्प. क्लबातला एक जण फळीखाली शिरला. दुसरा त्याचे पाय धरून बसला, का ते मला अजून कळलेलं नाही. खालून आवाज आला, "वायरिंग अजबच केलंय यानं."

"ते श्रीरंगच्या डोक्यात आहे," आवटी म्हणाले. "त्याला फोन लावू या का?"

"तिकडं मध्यरात्र असेल," केतकी म्हणाली. सवयीनं बोलून गेली, आणि बाभळी सारख्या करायला लागली.

आवटी हिरमुसले. लोक यायला लागले होते. हॉलमध्ये गाड्या झुकझुक धावत होत्या, पोरं ओरडत होती, आणि आमच्या वरपक्षात गाडी फलाटाला उभी. केतकी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. दमली होती. शाळेतून रजा घेतलेली, रात्री झोप नाही, आणि सकाळपासून डोंगर धरून आलेली. मला तर उभंच राहवेना, म्हणून एक खुर्ची ओढून मी फळीला टेकून बसले.

तेवढ्यात कार्यालयाचा रखवालदार आला. म्हणाला, "क्लबची माणसं सोडून इथं कुणी बसायचं नाही. तुम्ही कोण?"

"मी या स्टेशनची मालकीण," मी म्हटलं.

"आणि या? या तुमच्या कोण?"

केतकीनं वर पाहिलं. मी म्हटलं, "या माझ्या डॉक्टर. मला एकटीला सोडायचं नाही, मी माणसांना चावते."

तो गेला. केतकीचा ओठ जरासा हलला. हसली म्हणता येणार नाही, पण हलला.

मग क्लबातल्या कुणाची तरी बायको चहा घेऊन आली. छान होती बिचारी, कौतुकानं विचारायला लागली. "ही तुमची मुलगी का?"

"मोठी बहीण," मी म्हटलं. "तूप खात नाही, म्हणून लहान दिसते."

ती बाई केतकीकडं बघतच राहिली. केतकी शांतपणे म्हणाली, "साखरही सोडलीय मी." आणि चहात दोन चमचे घातले.

मला वाटलं, जमतंय. दिवसभर असंच निभावून नेऊ. खरं काय ते कुणाला सांगायचं नाही म्हणजे आपल्यालाही ऐकावं लागणार नाही.

पण मिरज केवढीशी. दुपारी शेडबाळे काकू आल्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांना गाड्यांचं काही नाही, पण कार्यालय उघडं दिसलं की त्या आत येतातच. फळ्यांकडं न बघता त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"हे श्रीरंगचं ना? देऊन टाकताय म्हणे."

"हो."

"बरं करताय. अडगळ कशाला." मग आवाज उतरवला, पण शेडबाळे काकूंचा उतरवलेला आवाज म्हणजे दुसऱ्याचा चढवलेला. "आणि ही अजून इथंच? कागद झाले ना आता?"

"झाले."

"मग आता तुमचं तिचं काय नातं?"

केतकी स्टुलावरून उठली नाही. फलाटावरच्या गाडीकडं बघत बसली. मी तोंड उघडलं. डॉक्टर, बहीण, इन्स्पेक्टर, काहीतरी येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. शेडबाळे काकूंना सगळं ठाऊक होतं, आणि ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढं थाप चालत नाही.

"चहा घेणार का?" मी विचारलं.

"नको, मी आत्ताच घेऊन आले," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. जाताना केतकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू अजून तरुण आहेस गं बाई. तुझं तू बघ."

वाईट नव्हत्या हो त्या. तेच तर वाईट होतं.

त्या गेल्यावर केतकी समोरच्या खोलीत गेली. बॅग उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. परत येऊन बसली आणि म्हणाली, "रिक्षा सांगितलीय आवटींना."

"बरं," मी म्हटलं.



मग एक घोळका आला. आईबाप, पोरंटोरं. त्यातलं एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "ही बंद पडलीय. चला, तिकडं चला." आवटींचा चेहरा असा पडला की मला बघवेना. आणि खरं सांगू, बंद पडलीय हा शब्द मला त्या दिवशी सोसेना.

"बंद नाही पडलेली," मी म्हटलं. "पाण्यासाठी थांबलीय."

"कसलं पाणी?"

"या बाईसाठी." मी बोट दाखवलं. फलाटाच्या टोकाला, इंजिनाशी, गव्हाएवढी एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, हातात बादली. "ही मी."

मग सांगावंच लागलं. शिराळवाडीला विहीर होती, पण सरपण नव्हतं. सगळा माळ, काडी मिळायची मारामार. तर आम्ही काय करायचो, छोटी गाडी आली की मी बादली घेऊन इंजिनापाशी जायची. बाबालाल म्हणून ड्रायव्हर होते, दाढीवाले. ते वाफेच्या इंजिनाचा खालचा नळ सोडायचे आणि बादलीत कढत पाणी. त्यात पोराची आंघोळ, धुणं, सगळं. छोट्या लाइनीवरच्या साऱ्या बायका असंच करायच्या. हे एवढं खरं आहे, कुणाही जुन्या माणसाला विचारा.

"पुढं?" पोरांनी विचारलं.

पुढचं मला रोखता आलं नाही. म्हटलं, एकदा पाणी इतकं कढत आलं की मी बादलीत तांदूळ घातले आणि गार्डनं हिरवा बावटा दाखवेपर्यंत भात शिजला. सगळ्या गाडीला वाढला. एका लग्नाच्या वऱ्हाडानं तिथंच पंगत मांडली, नवरी पुढच्या स्टेशनाला जायचीच विसरली. एकदा श्रीरंगला आंघोळ घालत होते तर त्याच्या पाठीवर साबण राहिला, आणि बाबालाल शिट्टी वाजवायला तयार होईनात. म्हणाले, मास्तरीणबाई, पोराचा साबण निघाल्याशिवाय गाडी निघणार नाही. डब्यांतली माणसं खाली उतरून मोजायला लागली, अजून कानामागं राहिलाय, अजून मानेवर आहे.

घोळका हलेना. हॉलमधले लोक यायला लागले. आवटी दारात उभे राहून म्हणायला लागले, "या, या, पाण्यासाठी थांबलेली गाडी बघा." ज्या खोलीत गाडी चालत नव्हती त्या खोलीत रांग लागली. मी तीच गोष्ट सांगत होते, दर वेळी वऱ्हाड वाढत होतं. घसा बसला. पण थांबले की संध्याकाळ होईल असं वाटत होतं. तशी ती मी थांबले नाही तरी झालीच. खिडकीतलं ऊन पिवळं होत होत भिंतीवर चढलं, गर्दी पांगली, आणि मागं एक चष्मेवाली मुलगी राहिली. तिची आई बाहेर चपला शोधत होती.

मुलगी फळीच्या कडेवर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, "आजी, तुमच्या मागं कोण आहे?"

मी मान वळवून मागं बघितलं. मागं केतकी होती.

"तिथं नाही. इथं, फळीवर."

मी चष्मा पुसला आणि वाकले. खरंच होतं. हिरव्या लुगड्यामागं, मोजून एका बोटावर, अजून एक बाई. निळी साडी. हातात बादली. माझ्या बादलीत एक पांढरा ठिपका होता, वाफेचा. हिची बादली आतून काळी. रिकामी.

मी ती कधीच पाहिली नव्हती. श्रीरंग गेल्यापासून फळ्यांवर चादर असायची आणि मी त्या खोलीत फारशी जायची नाही. आणि ही माणसं श्रीरंग रंगवायचाच नाही, त्याला तेवढा धीर नव्हता. विकत आणलेली पांढरी फटक माणसं असायची पाकिटात, ती केतकी रंगवायची. एका केसाच्या कुंचल्यानं. माझं हिरवं लुगडं तिनंच रंगवलेलं, मी एकदा सांगितलं होतं त्यावरून.

"ही कोण गं?" मी विचारलं.

केतकी उठली नाही. "पाकिटात एक उरली होती."

"शिराळवाडीला दुसरी बाई नव्हती."

"माहीत आहे."

"मग?"

तिनं निळ्या बाईकडं बघितलं. मग म्हणाली, "तुम्हीच सांगायचा ना. तिथं बोलायला कुणी नसायचं, दिवस खायला उठायचा. म्हणून उभी केली."

"कधी?"

"तो गेल्यावर. दुसऱ्या वर्षी."

म्हणजे त्याचा फोन बंद झाला होता तेव्हा. मी माझ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची तेव्हा. ही पलीकडच्या खोलीत चादर उचलून माझ्यामागं रांगेत उभी राहिली होती, आणि मला पत्ता नव्हता.

"सांगा ना," चष्मेवाली म्हणाली. "या तुमच्या कोण?"

सकाळपासून तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तोच प्रश्न. मी इतकी थकले होते की थाप सुचायचीही पंचाईत. मी म्हटलं, "ती माझी मागची. माझी बादली भरली की तिची बारी. गाडी सकाळपासून थांबलीय ना, ती तिच्यासाठी. तिची अजून भरायची आहे."

"मग तुम्ही सरका ना," मुलगी म्हणाली. "तुमची तर भरलीय."

दारात आवटी. "केतकी, रिक्षा आली. निघायला हवं, बस चुकेल."

केतकी उभी राहिली. समोर वधूपक्षाच्या दारातून तिची बॅग दिसत होती. ती बॅगेकडं बघत राहिली आणि मी फलाटाकडं. मी नुसती खुर्चीत बसून राहिले. माझ्या हाताखाली माळ होता, त्यावर वाळलेल्या गवताचा भुसा, तो बोटांना टोचत होता.

"रिक्षावाल्याला थांबायला सांगा," केतकी म्हणाली.

"किती वेळ?"

"बादली भरेपर्यंत."

आवटी बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, पण त्यांना काही उलगडेना. ते तसेच उभे राहिले. केतकी माझ्याजवळ आली, माझ्या खुर्चीला गुडघ्यानं जरा ढोसलं आणि म्हणाली, "आई, सरका. किती वेळ भरताय."

मी खुर्ची सरकवली. ती फळीशी वाकली. हिरव्या बाईला चिमटीत धरून तिनं बोटभर बाजूला केलं, निळीला इंजिनापाशी आणलं. आणि देवाशपथ सांगते, तिनं हात काढला त्या क्षणी इंजिनानं झटका खाल्ला. कुणी बटण दाबलं नाही, कुणी हात लावला नाही. सकाळपासून ठोकळ्यासारखी उभी राहिलेली गाडी आपसूक सुटली. चार डब्यांसकट फलाट सोडला, सिग्नल ओलांडला, पुलावरून गेली, आणि श्रीरंगनं जिथवर ती कधीच नेली नव्हती त्या वळणावरून फिरून बोगद्यात शिरली. चष्मेवालीनं टाळ्या वाजवल्या. आवटींनी डोळ्यांना रुमाल लावला.

"निघू या?" थोड्या वेळानं आवटींनी विचारलं. "आणि हे क्लबला दिल्याचं सांगून टाकतो सगळ्यांना."

"नाही देणार," केतकी म्हणाली.

"श्रीरंग म्हणाला होता..."

"रूळ त्याचे आहेत, ते हवे तर उखडून न्या. माणसं माझी आहेत."

माणसं ठेवून रूळ कसे उखडणार. आवटी शहाणे, त्यांनी टेम्पो बोलावला. रिक्षावाला बडबडत गेला. आम्ही दोघी पुन्हा टेम्पोत मागं, डोंगर धरून, मध्ये बॅग. किल्ल्याजवळच्या खड्ड्यात टेम्पो आदळला तेव्हा माझ्या मांडीवर दोन बाभळी पडल्या.

"फार थापा मारल्यात आज," केतकी म्हणाली.

"घसा बसलाय."

"घरी गेल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करा."

"पाणी तू तापव. मी उठणार नाही आता."

"उठू नका," ती म्हणाली.

एवढंच. रात्री दोघींनी गार पोळ्या खाल्ल्या आणि फळ्या मधल्या खोलीत परत लागल्या, या वेळी चादर न घालता. केतकी नाशिकला गेली ती दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर परत आली. श्रीरंगचा फोन आला, "ती अजून तिथंच? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना मी सांगितलंय, ती माझी मोठी बहीण आहे."

पुढं काही वर्षांनी तिच्या शाळेतल्या एका मास्तरांनी तिला मागणी घातली. भला माणूस, तूपही खातो. लग्न त्याच कार्यालयात झालं. मी सकाळपासून 'वधूपक्ष' पाटीच्या खोलीत बसले होते, नारळ आणि पेढ्यांच्या खोक्यांत. शेडबाळे काकू आल्या, पाटी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना काही सुचलं नाही. एकाच मुलीचा वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्ही झालेली बाई मिरजेत तरी दुसरी नसेल.

ही मुक्ता तिची. आता कळलं ना नात कशी ते. दर शनिवारी येते, मधल्या खोलीत फळ्यांशी खेळते, आणि ही गोष्ट सांगायला लावते. आज मात्र ऐकता ऐकता तिनं गाडी उचलून उलटी केली, चाकं फिरवून बघितली आणि म्हणाली, "आजी, ही फलाटाच्या पुढं जातच नाही. आईनं सांगितलंय मला. कधीच गेली नाही."

बरं बाई. नाही गेली.

आपसूक सुटली, तेवढं माझ्या पदरचं. केतकीनं निळी बाई इंजिनापाशी आणून ठेवली, आम्ही वाट पाहिली, आणि गाडी जागची हलली नाही. चष्मेवाली आमच्या तोंडांकडं बघत होती. मग केतकीनं मागच्या डब्याला एक बोट लावलं. मी पुढच्या डब्याला लावलं. तिला पाठीचा त्रास, मला गुडघ्यांचा, दोघी वाकून, फळीच्या कडेकडेनं, एकमेकींच्या पायांवर पाय देत आम्ही ती ढकलत नेली. पुलावरून, वळणावरून, पार बोगद्यात जाईपर्यंत. बाकी सगळं खरं आहे. भाताचंसुद्धा.

मुक्ता, चहा टाक. सोडायचा तो उद्यापासून.